सापळा कोरडा होईपर्यंत

प्रयोगशाळेत तिला सगळे धाकटी म्हणत. वयाने ती काही धाकटी नव्हती. तेहतीस पूर्ण झालेली, एका मुलीची आई, आणि गेली सहा वर्षं हात धुऊन युरेनियमच्या मागे लागलेली बाई होती ती. पण नोकरीला लागली त्या दिवशी भांडारातल्या काकांनी नोंदवहीत तिचं नाव लिहिता लिहिता पेन थांबवलं होतं.

"या नावाची एक आमच्याकडे होऊन गेलीय," चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले होते. "नाव तेच आणि आडनावही तेच. उद्या वह्यांमध्ये घोळ झाला तर मला फाडून खातील. ती थोरली, तू धाकटी. चालेल ना?"

चाललं. दोन दिवसांत सगळ्या मजल्यावर तिचं तेच नाव झालं. थोरली कोण होती, कुठे गेली, हे विचारायचं मात्र तिला कधी सुचलं नाही. नव्या नोकरीत माणूस आपल्याच नादात असतो.

आणि गेले आठ महिने तर तिला कशाचंच भान नव्हतं. तिचं हिरवं तिला दाद देत नव्हतं.

'हिरवं' म्हणजे युरेनियम टेट्राक्लोराइड. युरेनियमच्या एका अणूला क्लोरीनचे चार. नीट जमलं की गर्द हिरवी, हाताला जड लागणारी भुकटी मिळते. दिसायला देखणी, पण स्वभावाने भलतीच नाजूक. हवेतल्या ओलाव्याचा नुसता वारा लागला तरी तिला घाम फुटतो, ती चिकट होते आणि मग फेकण्यापलीकडे तिचा उपयोग राहत नाही. म्हणून तिचा सगळा संसार ग्लोव्हबॉक्समध्ये. म्हणजे एक मोठी बंद काचपेटी, आत हवेऐवजी आर्गॉन वायू, आणि पेटीच्या भिंतीतून आत लोंबणारे खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे. बाहेर उभं राहून त्यांत हात घालायचे आणि आतलं काम उरकायचं. वर हे सगळं किरणोत्सर्गी. जवळ उभं राहून भाजून निघावं असलं जहाल नव्हे, पण त्याचा कण पोटात किंवा फुफ्फुसात जाता कामा नये. काम संपलं की हात, बाह्या, बुटांचे तळवे, सगळ्यांवरून मोजणीयंत्र फिरवायचं. छातीवर किरणं मोजणारा बॅज नसेल तर दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही.

त्या दाराशी सुरक्षा अधिकारी बसत. उंच, हडकुळे, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "थांबा" अशी करणारे. त्यामुळे त्यांचं नाव थांबासाहेब पडलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं.

धाकटीला त्या हिरव्यापासून पुढचं काहीतरी घडवायचं होतं. युरेनियमवरचे क्लोरीन काढून घ्यायचे आणि त्या अणूला दोन मोठ्या कार्बनी कड्यांच्या मधोमध नेऊन बसवायचं. कागदावर सगळं बिनचूक होतं. काचपेटीत मात्र दर वेळी तेच: दोन द्रावणं एकत्र केली की क्षणभर सुंदर लाल झाक यायची, आणि पाचएक मिनिटांत सगळं काळं डांबर. तिने द्रावणं बदलली, आर्गॉनची टाकी बदलली, काचेची भांडी तीन-तीनदा भाजून घेतली. एकदा तर हातमोज्याला सूक्ष्म भोक असेल म्हणून मोजेच बदलले. डांबर ते डांबरच.

हिरव्यावर तिचा संशय नव्हता असं नाही. पण ते तपासायला दिलं की निकाल चोख यायचा. युरेनियम हवं तेवढं, क्लोरीन हवा तेवढा.

"काय गं, तुझं ते हिरवं पोर आज तरी नीट वागलं का?" सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या. सुरुवातीला त्यात चेष्टा असायची. सहाव्या महिन्यापासून त्या हे विचारताना आधी सुनेचा चेहरा बघू लागल्या, आणि आठव्या महिन्यात त्यांनी विचारणंच सोडून दिलं. ते धाकटीला जास्त लागलं.

सरांनी, म्हणजे तिच्या गटाच्या प्रमुखांनी, तिला बोलावून घेतलं. माणूस सज्जन. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या संस्थेतून आले होते. "हे बघ, तुझ्या कष्टांबद्दल माझ्या मनात शंका नाही," ते म्हणाले. "पण तीन महिन्यांनी आढावा आहे. तोवर काही हाती आलं नाही तर विषय बदलू. त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस."

कमीपणा वाटून घ्यायचा नाही असं कुणी सांगितलं, की तो हमखास वाटतो. धाकटी मान हलवून बाहेर आली आणि जिन्यात बराच वेळ उभी राहिली.

त्याच आठवड्यात तळघरातलं जुनं भांडार रिकामं करायचा हुकूम निघाला. युरेनियमचा कण न् कण यादीत असावा लागतो, तेव्हा सगळ्या बाटल्या, डबे काढून यादीशी ताडायचे होते. काकांना मदतीला कुणी हवं होतं. ज्याचं काम अडलेलं असतं, त्याच्याच गळ्यात असली कामं पडतात. धाकटी गेली.

तिसऱ्या दिवशी पोलादी कपाटाच्या खालच्या कप्प्यात तिला एक पत्र्याची डबी सापडली. आत कापूस, आणि कापसात काचेची एक नळी. बोटाएवढी लांब, दोन्ही टोकं आचेवर वितळवून बंद केलेली. इतकी सफाईने, की टोकांना नुसता थेंबासारखा गुळगुळीत आकार आला होता. धाकटीने ती खिडकीच्या उजेडात धरली. आत स्फटिक होते. तिळाएवढे, आठ पैलूंचे, इतके गर्द हिरवे की कडा काळ्या वाटाव्यात. नळी जराशी कलती केली की सगळे एकदम चमकायचे.

असलं हिरवं तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

मग तिने चिठ्ठी वाचली. 'युरेनियम टेट्राक्लोराइड. निर्वातात दोनदा वाफ करून पुन्हा गोठवलेलं.' खाली वजन. आणि त्याखाली तिचं स्वतःचं नाव, आडनावासकट.

"काका," ती चाचरत म्हणाली, "हे मी कधी भरलं?"

काकांनी डबी हातात घेतली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, आणि हसू लागले. "तारीख बघ की."

तारीख एकोणतीस वर्षांपूर्वीची होती. तेव्हा धाकटी चार वर्षांची होती.

"थोरली!" काका म्हणाले. "तिच्या हातचं आहे हे. सोडून गेली त्या आठवड्यातलं असणार."

नळी फोडून वापरायची परवानगी सरांनी लगेच दिली. थांबासाहेबांनी द्यायला नऊ दिवस लावले. "थांबा. एवढी वर्षं बंद आहे. आत काय दाब असेल कुणी सांगावं?" त्यांनी नळीची क्ष-किरण प्रतिमा काढायला लावली, तीन अर्ज लिहून घेतले, आणि फोडताना नळीभोवती जाड कापडाचे दोन वेढे असले पाहिजेत अशी अट घातली. धाकटी मनातल्या मनात चरफडली, पण सगळं केलं.

नळी पेटीच्या आत बिनबोभाट मोडली. त्यातले मोजून काही स्फटिक तिने घेतले, नेहमीचीच द्रावणं, नेहमीचीच भांडी. लाल झाक आली. ती घड्याळाकडे बघत राहिली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. लाल रंग गेला नाही; उलट गडद होत होत जांभळाच्या सरबतासारखा झाला. तिने हातमोज्यांतून हात बाहेर काढले आणि नुसती बघत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला स्फटिकांच्या जांभळट लाल सुया लागल्या होत्या.

त्याच दुपारी तिने तेच सगळं स्वतःच्या हिरव्यावर करून पाहिलं. डांबर.

म्हणजे दोष हिरव्यातच होता. आठ महिने ती सगळं जग तपासत फिरली, आणि चोर घरातच बसला होता. पण तो होता कोण? थोरलीच्या नळीत होतं तरी किती? आणखी दोन प्रयोगांपुरतं. ते संपलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

काकांनी थोरलीच्या जुन्या वह्या शोधून दिल्या. सहा वह्या, अक्षर मोत्यासारखं, कुठे खाडाखोड नाही. धाकटीने त्या दोन दिवसांत वाचून काढल्या. कृती तीच, जी आजही भिंतीवर टांगलेल्या कागदावर होती. युरेनियमचं ऑक्साइड एका क्लोरीनयुक्त द्रवात तापवायचं, हिरवं खाली बसलं की गाळायचं, धुवायचं, पंप लावून दोन तास वाळवायचं. फक्त थोरलीच्या वहीत 'दोन तास' नव्हतं. वाळवण्याच्या जागी प्रत्येक वेळी दोनच अक्षरं, लाल पेन्सिलीने गोल केलेली: 'सा. को.' आणि एका पानावर: 'सा. को. नाही. वापरू नये.'

"साठवण कोठी?" सर म्हणाले.

"साधारण कोरडं," काका म्हणाले.

"साहेब कोपले," थांबासाहेब अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, आणि ते विनोदही करू शकतात हे त्या मजल्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"एवढं डोकं कशाला शिणवता?" काका शेवटी म्हणाले. "तिलाच विचार की. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत असते ती. दर वर्षी एक फोन करतेच मला, जिवंत आहे की नाही बघायला."

बसने तीन तास लागले. गाव लहान, चढणीचं. पाण्याच्या मोठ्या टाक्यांच्या मागे एक बैठी इमारत, तिच्यात लांबच लांब खिडक्यांची एक खोली. टेबलांवर बाटल्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक बाटलीच्या गळ्यात गल्लीचं नाव लिहिलेली चिठ्ठी. खोलीभर क्लोरीनचा हलका वास होता. एक ठेंगणीशी, बाह्या दुमडलेली, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली बाई डोळ्यासमोर परीक्षानळी धरून उभी होती.

"पाच मिनिटं बस," वळून न बघताच ती म्हणाली. "या गल्लीत पाणी गढूळ येतं म्हणून तिसरी तक्रार आहे."

धाकटी बसली. पाचाची बारा मिनिटं झाली. मग त्या बाईने आकडा लिहिला, हात पुसले आणि वळली. "हं. बोल. कुणाकडून आलीस?"

"मी धाकटी," ती म्हणाली. नाव सांगायचं सोडून तोंडातून हेच निघालं.

"कुणाची?"

"तुमची."

थोरलीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "अगं बाई! म्हणजे काकांनी मला खरंच थोरली करून टाकलं? फोनवर सांगितलं होतं त्यांनी. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय."

तिने चहा केला, प्रयोगशाळेतल्याच शेगडीवर, पण चहासाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या भांड्यात. धाकटीने आधी प्रश्न विचारला. प्रवासभर तोच घोकत आली होती.

"सा. को.?" थोरली म्हणाली. "सापळा कोरडा."

एवढंच.

"वाळवताना तू पंपाच्या आधी बर्फासारखा थंड सापळा लावतेस ना? काचेचा? हिरव्यातून जे काही निघतं ते त्यात गोठतं."

"लावते. पंप खराब होऊ नये म्हणून."

"पंपासाठी कशाला? बघण्यासाठी!" थोरलीने कप खाली ठेवला. "हिरवं तयार होताना बाजूला एक द्रव तयार होतो. रंग नाही, पाण्यासारखा दिसतो, पण आगाऊ. हिरव्याच्या कणाकणाला चिकटून बसतो. धुतलंस की पुष्कळसा जातो, सगळा नाही. धुण्याचं द्रावण स्वच्छ निघालं की लोकांना वाटतं, झालं. अगं, ज्याला रंगच नाही तो गेला की राहिला, डोळ्यांना कसं कळणार? तो शंभरात एक भाग उरला तरी तपासणीत कुणाला पत्ता लागत नाही. पण तुझ्या त्या कार्बनी कड्यांवर तो तुटून पडेल."

"आणि डांबर होईल," धाकटी म्हणाली.

"आणि डांबर होईल. म्हणून सापळा उतरवून बघायचा. आत थेंब गोठलेला दिसला, की पुसून परत लावायचा. पुन्हा बघायचा. तो कोरडा निघेपर्यंत थांबायचं नाही. कधी एका दिवसात होतं, कधी तीन लागतात. घड्याळाला काय कळतंय त्यातलं?"

धाकटीने कपाळाला हात लावला. दोन तास. भिंतीवरच्या कागदावरचे दोन तास. कुणीतरी कधीतरी 'सा. को.' समजलं नाही म्हणून त्या जागी सोयीचा आकडा टाकून दिला असणार, आणि पुढच्या सगळ्यांनी तो डोळे मिटून पाळला. तिनेही.

मग तिने नळीची गोष्ट सांगितली. कपाटाचा खालचा कप्पा, कापूस, स्फटिक कसे चमकले ते. जांभळट लाल सुयांचं सांगताना तिचा आवाज चढला.

"फोडलीस?" थोरलीने विचारलं.

"हो." धाकटीने आपला कप खाली ठेवला. "तुम्हाला आधी विचारायला हवं होतं का? मला वाटलं, कुणाचीच नसेल."

थोरली उठली, एक बाटली उगाच सरळ केली. "माझी होती," ती म्हणाली. "माझी बहीण गेली तेव्हा तिच्या दोन मुली होत्या. एक तीन वर्षांची, एक अकरा महिन्यांची. मेहुणे बोटीवर नोकरीला, आई थकलेली. मी म्हटलं, दोन वर्षं जाते, पोरी जरा मोठ्या झाल्या की परत येते. आल्यावर पहिल्यापासून सुरुवात नको, म्हणून स्वतःसाठी नळी भरून ठेवली. काचकाम करणाऱ्या मामांनी आचेवर टोक कसं ओढायचं ते शिकवलं. सतरा नळ्या वाया घालवल्या मी, माणूस एका शब्दाने बोलला नाही. अठरावी जमली." ती हसली. "दोनाची पाच वर्षं झाली, पाचाची दहा. मग इथे जागा निघाली. आधी पाण्याचा थेंब आत येऊ नये म्हणून जीव टाकायचा, आणि आता दिवसभर पाणीच पाणी. क्लोरीनने तेवढा हात सोडला नाही माझा."

धाकटीचे डोळे भरून आले होते, आणि ते दिसू नयेत म्हणून तिने चहाचा रिकामा कप तोंडाला लावला.

"रडू नकोस गं. मला वाईट नाही वाटत," थोरली म्हणाली. "वाटायचं. थोरलीच्या, म्हणजे मोठ्या पोरीच्या, लग्नापर्यंत वाटायचं. कधीतरी मनात यायचं, ते कपाटात आहे अजून. मग या कामात रमले. इथल्या चाळीस हजार माणसांच्या पोटात जाणारं पाणी माझ्या डोळ्यांखालून जातं. थोडंथोडकं नाही ते." ती थांबली. "पण मला एक सांग. रंग कसा होता? तसाच होता? उतरला नव्हता ना?"

"ताई, काल भरल्यासारखा होता."

थोरलीने खिडकीबाहेर बघत मान हलवली. "म्हणजे टोक नीट बसलं होतं," ती म्हणाली. "मामांना सांगायला हवं होतं. गेले ते." मग तिच्याकडे वळून: "बरं झालं फोडलीस. बंद करून ठेवलेलं कुणीतरी उघडायला हवंच ना."

निघताना धाकटीने आभार मानायचा प्रयत्न केला. "तुम्ही मला..." असं तिने सुरू केलं. आठ महिने एका वाक्यात कसे सांगायचे? थोरलीने तिच्या पाठीवर एक धपाटा घातला. "जा आता. बस चुकेल. आणि सापळा बघ, घड्याळ बघू नकोस."

दुसऱ्या दिवशीपासून धाकटीने नवं हिरवं वाळवायला लावलं. असलं काम चालू सोडून घरी जायची परवानगी नव्हती, म्हणून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. पहिल्या संध्याकाळी सापळा उतरवला तर आत वाटाण्याएवढा पांढरा गोळा गोठलेला. तो बघून तिला राग आला आणि हसूही आलं: हाच तो, आठ महिने तिच्या जिवावर उठलेला. दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या दाण्याएवढा. तिसऱ्या दिवशी दुपारी थांबासाहेब मोजणीयंत्र घेऊन आले, ते कामाकडे बघत उभेच राहिले. धाकटीने सापळा उतरवला, उजेडात धरला, फिरवला.

"थांबा," साहेब म्हणाले, आणि खिशातलं भिंग काढून त्यांनी सापळ्याचा तळ पुन्हा एकदा पाहिला. मग भिंग खिशात टाकलं. "कोरडा."

त्या शुक्रवारी जांभळट लाल सुया तिच्या स्वतःच्या हिरव्यातून निघाल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग पुन्हा. क्ष-किरणांनी आतली रचना दाखवली: दोन कड्या आणि त्यांच्या बरोब्बर मधोमध युरेनियम, गादीवर बसवल्यासारखं. सरांनी पडद्यावरचं ते चित्र बघून नुसती शीळ घातली. धाकटीने आजवर त्यांना शीळ घालताना ऐकलं नव्हतं.

घरी गेल्यावर तिने सासूबाईंना स्वतःहून सांगितलं, "आई, हिरवं पोर सुधारलं." सासूबाईंनी हातातलं काम टाकलं आणि सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला. गेले दोन महिने विचारलं नाही त्याचा सगळा हिशेब त्या दोन तळव्यांत होता.

शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा धाकटीने लेखकांत थोरलीचं नाव घातलं. सर म्हणाले, शेवटी ऋणनिर्देश करू, तेवढं पुरेसं आहे. एरवी धाकटी सरांना उलटून बोलत नसे. या वेळी तिने सहाही वह्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "सर, आधी हे वाचा. मग तुम्ही म्हणाल तसं." सरांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी वह्या परत करताना म्हणाले, "हिचं नाव तुझ्याआधी यायला हवं." तसंच लिहिलं गेलं. मासिकाच्या कचेरीतून मग चौकशी आली: लेखकांच्या यादीत एकच नाव चुकून दोनदा पडलंय, एक वगळावं काय? धाकटीने उत्तर पाठवलं, वगळू नका, आम्ही दोघी आहोत.

छापण्यापूर्वी तिने मसुदा थोरलीला पाठवला होता. वाटलं होतं, ती खूश होऊन फोन करेल. फोन आला, पण आवाज खूश नव्हता.

"हे काय लिहिलंयस? 'मिश्रण तापवावे'? नुसतं 'तापवावे'?"

"का? चुकलं का काही?"

"अगं, तुझे हात आता सरावलेत, तू आपोआप सावकाश तापवतेस. वाचणारा नवखा असेल तर? एका ठरावीक तापमानाला ते मिश्रण स्वतःच उसळतं. एकदम. दूध उतू जातं ना, तसं. माझं उसळलं होतं एकदा. सफाईवाल्या मावशी मागे उभ्या होत्या. त्यांनी बघितलं आणि माझ्या मानेला धरून मला मागे ओढलं. काच माझ्यासमोर फुटली. त्या नसत्या तर आज तुझ्याशी एका डोळ्याने बोलत असते."

धाकटीने पेन उचललं. "काय लिहू, ताई? तुम्हीच सांगा."

थोरलीने सांगितलं, तिने लिहून घेतलं. चार ओळी. कुठे धीमं व्हायचं, कुठे आच पूर्ण काढून घ्यायची, समोर जाड पडदा कसा ओढायचा, आणि थोड्याथोडक्या मालावरच काम करायचं. शेवटी 'सापळा कोरडा होईपर्यंत' हेही स्पष्ट घातलं. भिंतीवरचा जुना कागद काढून काकांनी स्वतःच्या हाताने नवा लावला.

निबंध छापून आला. आढावा पार पडला. धाकटीला विषय बदलावा लागला नाही. एका शनिवारी थोरली आपल्या दोन्ही भाच्यांना घेऊन आली, ग्लोव्हबॉक्सच्या मोज्यांत हात घालून बराच वेळ आतल्या बाटल्या उचलून बघत राहिली, आणि काकांशी तीन तास बोलत बसली. थांबासाहेबांनी तिला आत सोडताना "या" म्हटल्याचं मजल्यावर पुढे कितीतरी दिवस सांगितलं जात होतं.

सात-आठ महिन्यांनी धाकटीला एक पत्र आलं. दूरच्या एका विद्यापीठातली मुलगी, नाव कधी ऐकलेलं नाही. वाचून झाल्यावर धाकटीने दार लावून घेतलं आणि पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत फोन लावला.

"कामात आहे गं," थोरली म्हणाली. "नवीन टाकी सुरू होतेय."

"दोन मिनिटं, ताई. पत्र वाचते, नुसतं ऐका. 'तुमच्या निबंधातली तापवण्याबद्दलची सूचना वाचून मी पडदा ओढून घेतला होता. मिश्रण उसळलं. पडद्याला तडा गेला, मला ओरखडाही नाही. आमच्याकडच्या कुठल्याही पुस्तकात ही ओळ नव्हती. तुम्हा दोघींपैकी ती कुणी लिहिली मला माहीत नाही, म्हणून दोघींचेही आभार. माझ्या आईनेही आभार कळवायला सांगितलं आहे.'"

पलीकडून नळाच्या पाण्याचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"ताई? ऐकलंत ना?"

"ऐकलं," थोरली म्हणाली. "पण नळ चालू होता. परत वाच. सावकाश वाच."